नवीन सबडोमेन काढलं आणि पाच मिनिटांत कुणीतरी दारं हलवायला लागलं. हे स्कॅन ओळखायचे कसे?

खाजनकर (शनिवार, संध्या. ६.१०)

नमस्कार मंडळी. मी म्हापशात राहतो. भाड्याचा एकच व्हीपीएस (आभासी सर्व्हर) आहे आणि त्यावर चार साइट चालतात: भावाच्या होमस्टेचं बुकिंग, वहिनीचं काजूचं दुकान, आमच्या देवळाच्या जत्रेचं पान आणि गावच्या मराठी वाचनालयाची ग्रंथसूची. उबुंटू, एन्जिनएक्स (वेबसर्व्हर), पोस्टग्रेस (डेटाबेस). यातली एकही साइट वर्डप्रेसवर नाही, हे मुद्दाम सांगतोय.

गुरुवारी रात्री वाचनालयासाठी नवीन सबडोमेन (मुख्य पत्त्याखालचा वेगळा पत्ता) काढलं, लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट घेतलं. पत्ता कुणालाच दिला नव्हता, वाचनालयाच्या समितीलाही नाही. पाच मिनिटांच्या आत ॲक्सेस लॉग (कुणी काय मागितलं त्याची नोंद) धावायला लागला. वर्डप्रेसचं डब्ल्यूपी-लॉगिन, एक्सएमएल-आरपीसी, पीएचपी-मायॲडमिन, डॉट-ईएनव्ही, डॉट-गिट/कॉन्फिग, ॲक्च्युएटर/हेल्थ... माझ्याकडे नसलेल्या गोष्टी एकामागून एक मागत होते. शुक्रवारचा अख्खा दिवस मी एकेक आयपी हाताने बंद करत बसलो. दहा बंद केले की वीस नवे.

माझे प्रश्न:
नवीन पत्ता त्यांना कळला कुठून?
यातलं माणूस कोण आणि यंत्र कोण, हे खात्रीने कसं ओळखायचं? ऑक्टोबर ते मार्च होमस्टेच्या साइटवर कुठकुठल्या देशांतून पाहुणे येतात, चुकून गिऱ्हाईक अडवलं तर भावाला तोंड दाखवता येणार नाही.
आणि यात खरी भीती कशाची धरायची?

कुळागर (६.४८)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तुम्ही पत्ता कुणाला सांगितला नाहीत, पण सर्टिफिकेट देणाऱ्याने साऱ्या जगाला सांगितला. ब्राउझरने मानावं असं प्रत्येक सर्टिफिकेट आता सार्वजनिक नोंदवहीत चढतं. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी म्हणतात त्याला, आरएफसी ६९६२, साल २०१३. हेतू चांगला आहे: कुणी तुमच्या नावाने खोटं सर्टिफिकेट काढलं तर तुम्हाला दिसावं. पण त्या नोंदी वाचायला कुणालाही मुभा आहे आणि काही यंत्रं चोवीस तास तेवढंच करतात. नाव दिसलं की लगेच विचारपूस सुरू. नाव उघड होऊ नये असं वाटत असेल तर वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घ्या, मग नोंदीत सबडोमेनच्या जागी फक्त तारांकन दिसतं.

सबडोमेन नसतं काढलंत तरी आयपीवर कुणीतरी आलंच असतं. आयपीव्ही-४ चे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झीमॅप नावाचं स्कॅनर काढलं, ते गिगाबिट जोडणीच्या एका यंत्रावरून हा सगळा पट्टा एका पोर्टसाठी (यंत्राच्या एका दारासाठी) ४५ मिनिटांच्या आत चाळतं. त्याच वर्षी तसंच मासस्कॅन आलं. तेव्हापासून 'माझा सर्व्हर लहान आहे, त्याला कोण विचारतो' हे म्हणायची सोय राहिलेली नाही.

फेरीबोट (७.०२)

एवढं कशाला घाबरायचं? पोदेर (पाववाला) पण रोज सकाळी पों-पों करत दारावरून जातो, म्हणून आपण पोलीस बोलावतो का? पाव नको असेल तर आतून 'नाका' (नको) म्हणायचं. ४०४ ('असं पान नाही') म्हणजे तेच. :)

सातेरी (७.१५)

फेरीबोट, पोदेर दाराची कडी हलवून बघत नाही हो. आणि दार उघडं सापडलं तर गल्लीतल्या बाकी सगळ्यांना ते सांगत फिरत नाही. :)

रापणकार (७.३१)

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, कारण येणारे एका जातीचे नसतात.

काही नुसते मोजणीदार. शोडान २००९ पासून, सेन्सिस २०१५ पासून. शॅडोसर्व्हर तर मोजणी करून ज्याचं त्याला कळवतं की बाबा, तुझं हे पोर्ट उघडं आहे. यांपैकी बरेच जण युजर-एजंटमध्ये (ब्राउझर आपलं नाव सांगतो ती ओळ) किंवा आयपीच्या उलट नावात (आयपीवरून शोधल्यावर मिळणारं नाव) आपली ओळख देतात.

दुसरे रापण ओढणारे. जाळं किनाऱ्याला लावलेलं असतं, कुणा एका माशासाठी नाही. ठरलेली यादी घेऊन सगळ्या जगावर फिरवायची, जे लागलं ते लागलं. तुमच्याकडे वर्डप्रेस नाही हे त्यांना माहीतही नाही आणि त्याची पर्वाही नाही. तुमच्या लॉगमधला बहुतेक कचरा यांचाच.

तिसरे थोडे. ते तुमचं नाव वाचून येतात. लक्ष यांच्यावर ठेवायचं. अवघड एवढंच की यांच्या ओळी दुसऱ्यांच्या गर्दीत मिसळलेल्या असतात.

डिचोलीकर (७.५०)

एवढा विचार कशाला? लॉग वाचून आयपी बंद करणारं फेल-टू-बॅन टाका. एन्जिनएक्ससाठी बॉटसर्चचा फिल्टर त्यात तयारच येतो. एका मिनिटात दहा ४०४ आले की तो आयपी एक दिवस बाहेर. माझ्याकडे तीन वर्षं असंच चाललंय.

सातेरी (८.१२)

डिचोलीकरबाब, माझा अनुभव वेगळा आहे. मी एका कॉलेजात सर्व्हर बघते. असाच नियम लावला होता. निकालाच्या दिवशी नव्या पानावर आठ-दहा चित्रांचे दुवे तुटलेले राहिले. प्रत्येक मुलाच्या ब्राउझरने ती चित्रं मागितली, प्रत्येकाला तेवढे ४०४ मिळाले आणि नियमाने आपलं काम चोख केलं. अख्खं वसतिगृह एकाच आयपीमागे होतं, ते सगळं बंद. मोबाइलवाल्यांचं तर त्याहून वाईट: एका आयपीव्ही-४ पत्त्यामागे कंपनीचे कितीतरी ग्राहक असतात. दीड तास फोन खाली ठेवता आला नाही.

आयफोन तर ॲपल-टच-आयकॉन नावाचं चित्र आपणहून मागतो. ते ठेवलं नसेल तर तिथेही ४०४. म्हणजे नुसत्या ४०४ च्या आकड्यावर माणूस आणि यंत्र वेगळं होत नाही.

उलट बाजूही बघा. शहाणं स्कॅनर एका आयपीवरून एकच पान मागतं आणि निघून जातं. पुढचं पान दुसऱ्या आयपीवरून, वीस मिनिटांनी. तुमचा दहाचा उंबरठा ते कधी ओलांडणारच नाही.

डिचोलीकर (८.२०)

तुटलेल्या चित्रांचं मान्य. मी उंबरठा मोजताना चित्रं आणि फॉन्ट वगळतो, ते लिहायचं राहिलं. पण काहीच न लावण्यापेक्षा हे बरं, असं अजूनही म्हणेन.

कुळागर (८.५५)

मोजायचं असेल तर किती ४०४ आले ते मोजू नका. एका आयपीने किती वेगवेगळे नसलेले पत्ते मागितले ते मोजा. तुटलेल्या चित्रांचे पत्ते तेच ते असतात आणि सगळ्यांकडून येतात. स्कॅनरची यादी मात्र लांबत जाते.

माझ्या उपयोगाच्या खुणा सांगतो, यातली कुठलीही एकटी पुरत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे होस्ट हेडर, विनंतीत लिहिलेलं साइटचं नाव. तुमचा पाहुणा डोमेनचं नाव टाकून येतो. आयपीचा पट्टा चाळत येणाऱ्या यंत्राला नाव माहीत नसतं, त्यामुळे त्याच्या विनंतीत होस्ट म्हणून नुसता आयपी असतो किंवा काहीच नसतं. एन्जिनएक्समध्ये कुठल्याच साइटच्या नावाने न आलेल्या विनंत्यांसाठी एक डीफॉल्ट सर्व्हर ब्लॉक ठेवा, त्याचा लॉग वेगळा करा आणि उत्तर ४४४ द्या. हा एन्जिनएक्सचा स्वतःचा कोड आहे, उत्तर न देता जोडणी तोडतो. एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टसाठी १.१९.४ पासून हँडशेकच (जोडणीआधीची ओळखपाळख) नाकारायची सोय आहे. तुमचा अर्धा गोंगाट मुख्य लॉगमधून तिथेच वेगळा पडेल.

मग वागणं. माणूस पान उघडतो तेव्हा मागोमाग सीएसएस, चित्रं, स्क्रिप्ट येतात. यंत्र एक पत्ता मागतं आणि बाकी कशाला हात लावत नाही. पोर्ट ८० वर 'एक्स-१६ एक्स-०३' असल्या चिन्हांनी सुरू होणारी ओळ आणि ४०० दिसला तर समजा, कुणीतरी साध्या पोर्टवर टीएलएस (एचटीटीपीएसची सांकेतिक भाषा) बोलून बघतंय.

युजर-एजंटवर फार भिस्त नको. झीग्रॅब, पायथन-रिक्वेस्ट्स, गो-एचटीटीपी-क्लायंट अशी नावं दिसली तर आयती माहिती. पण क्रोम म्हणून सांगायला पैसे पडत नाहीत. गूगलबॉट म्हणवणाराही तपासा: आयपीचं उलट नाव काढा, ते गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमने संपलं पाहिजे, आणि ते नाव पुन्हा त्याच आयपीवर आलं पाहिजे.

साइट सीडीएनच्या (मध्ये राहून पानं पोचवणारी सेवा) मागे असेल तर आधी खरा आयपी लॉगमध्ये येतोय का ते बघाच. मी एकदा ते न बघता बंदी चालू केली. लॉगमध्ये सगळे आयपी सीडीएनचे होते. तासाभरात मी सीडीएनलाच बाहेर काढलं आणि साइट सगळ्यांसाठी बंद पडली.

पावसाळी (९.०४)

माझा सोपा उपाय: भारताबाहेरचे सगळे आयपी बंद. काम खलास.

दुबईकर_गोंयकार (९.०९)

आणि मग मी जत्रेचं वेळापत्रक कुठून बघू?

खाजनकर (९.१४)

पावसाळी, होमस्टेचे निम्मे पाहुणे इंग्लंड आणि रशियाचे. ते बंद केले तर भावाने होमस्टेच बंद करावा लागेल.

रापणकार (९.२०)

शिवाय उपयोगही मर्यादित. हे स्कॅन बहुतेक भाड्याच्या क्लाउड यंत्रांवरून येतात आणि क्लाउडची केंद्रं मुंबईतही आहेत. देश बघण्यापेक्षा आयपी कुणाच्या जाळ्यातला आहे ते बघा. म्हापशातल्या होमस्टेचं बुकिंग डेटासेंटरमधून कोण करणार? अडवू नका एकदम, व्हीपीएन वापरणारे असतात. पण संशयाचे गुण वाढवा.

निवृत्त_मास्तर (९.४०)

मला यातलं तांत्रिक कळत नाही, पण धागा मन लावून वाचतोय, कारण वाचनालयाचा उल्लेख आला. मी आमच्या गावच्या वाचनालयात बारा वर्षं काम पाहिलं. सभासदांची वही मी कपाटात कुलपात ठेवायचो. या कचऱ्याने वाचनालयाचं नेमकं काय बिघडतं, ते कुणी साध्या शब्दांत सांगेल का?

सातेरी (१०.०५)

मास्तर, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध डोळ्यांसमोर आणा. नदीकडून भरती रोज येते, बांधावर आपटते आणि जाते. त्याने काही होत नाही. पण बांधात खेकड्याने एक बीळ केलेलं असेल तर खारं पाणी तेवढ्यातून शेतात येतं. बांध राखणारा भरती मोजत बसत नाही, बिळं शोधत फिरतो. इथे पाण्याला बीळ शोधायचं शिकवलेलं आहे, एवढाच फरक. आणि तुमची सभासदांची वही आज त्याच शेतात ठेवलेली असते.

रापणकार (१०.२२)

सातेरीताई, नेमकं बोललात. खाजनकर, आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

इतका वेळ आपण सगळे ४०४ वर बोलतोय. ४०४ म्हणजे तुमचा बांध टिकला. त्या ओळी एकाच कामाच्या: त्यांच्यावरून स्कॅनर कोण ते ठरवायचं. स्कॅनर बहुतेक वेळा हुकतो, माहीतगार माणूस क्वचित हुकतो. याच एका फरकावर २००४ साली बर्कलीच्या व्हर्न पॅक्सन आणि सहकाऱ्यांनी पोर्ट स्कॅन पकडायची पद्धत मांडली होती: प्रत्येक हुकल्यागणिक संशय वाढवायचा, प्रत्येक लागल्यागणिक उतरवायचा. चार-पाच प्रयत्नांत निर्णय होतो. वेबला तोच हिशेब लागतो.

कोण ते ठरलं की त्याच आयपींच्या २०० ('मागितलेलं मिळालं') असलेल्या ओळी काढा. 'काय मागितलं' सोडा, 'काय मिळालं' ते बघा. २०६ (फाइलचा तुकडा मिळाला) आणि ३०१ (दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं) सुद्धा. सोबत किती बाइट गेले तो आकडा बघा. ऑक आणि सॉर्ट या लिनक्सच्या आज्ञांनी दहा मिनिटांचं काम आहे.

एक अडचण येऊ शकते. साइट रिॲक्टसारखी एकपानी असेल तर सर्व्हर प्रत्येक पत्त्याला २०० आणि तेच मुखपृष्ठ देतो, डॉट-ईएनव्ही मागितलं तरी. तिथे बाइटचा आकडा सगळीकडे सारखा दिसेल. वेगळा आकडा असलेली ओळ शोधा.

फेरीबोट (१०.३०)

पोदेराचं विधान मागे घेतो. :)

खाजनकर (११.५२)

रापणकार म्हणाले तसं केलं. लिहिताना हात कापतोय.

वाचनालयाच्या सबडोमेनवर २०० मिळालेल्या ओळींत एक झिप फाइल आहे. जुन्या सर्व्हरवरून साइट हलवताना मीच ती केली होती. पटकन उतरवून घेता यावी म्हणून वेबरूटमध्ये (साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये) ठेवली आणि काढायची राहिली. फाइलचं नाव सबडोमेनचंच. लॉगमध्ये दिसतंय की बॅकअप.झिप, साइट.झिप, आणि मग सबडोमेनच्या नावाची झिप असं ओळीने मागितलंय. पहिली हेड विनंती (फाइल आहे का, एवढंच विचारणारी), उत्तर २०० आणि बाइट शून्य. चाळीस मिनिटांनी वेगळ्याच आयपीवरून सरळ त्याच फाइलची गेट विनंती (फाइलच मागणारी), २००, पूर्ण आकार. त्या दुसऱ्या आयपीने बाकी काहीही मागितलेलं नाही. एकही ४०४ नाही.

फाइलमध्ये ग्रंथसूची आहे, डेटाबेसचा पासवर्ड आहे आणि सातशेच्या वर सभासदांची नावं, पत्ते, फोन आहेत.

फाइल काढली आहे. पुढे काय करू?

कुळागर (११.५८)

घाबरू नका, क्रमाने करा. आधी लॉगची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्या, लॉगरोटेट (जुने लॉग काढून टाकणारा प्रोग्राम) तो पुसायच्या आत. मग पासवर्ड बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही. पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट बाहेरून उघडं आहे का बघा. एसएसएचच्या (सर्व्हरमध्ये दुरून शिरायच्या) किल्ल्या झिपमध्ये होत्या का? गुरुवारपासूनची प्रत्येक यशस्वी लॉगिन तपासा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर वेळेत साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

सातेरी (रविवार, रा. १२.०६)

आणि सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर घटना बघणारी संस्था) कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तास. डेटा लीक त्या यादीत आहे. लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची, हेही त्यातच.

डिचोलीकर (१२.११)

गावचं वाचनालय त्या व्याख्येत बसतं का? उगीच आपणहून फास ओढून घेताय असं वाटतं.

सातेरी (१२.१५)

काटेकोर व्याख्या वकिलाला विचारा, पण कळवायला कुणी अडवत नाही. डिचोलीकरबाब, त्या यादीत तुमच्या आईचा फोन नंबर असता तर?

डिचोलीकर (१२.१९)

असता तर मी आत्ता गाडी काढून म्हापशाला आलो असतो. बरोबर आहे तुमचं. खाजनकर, कळवा.

खाजनकर (पहाटे ३.०५)

पावणेतीनला सर्ट-इनला ईमेल केला, लॉगच्या ओळींसकट. ५४३२ फक्त आतूनच उघडं होतं. किल्ल्या झिपमध्ये नव्हत्या. गुरुवारपासूनच्या सगळ्या लॉगिन माझ्याच. लॉगमधली वेळ २०:४० होती, म्हणजे आपल्याकडे पहाटे दोन दहा. सर्टिफिकेट घेतल्यापासून तीन तास पण झाले नव्हते.

सकाळी समितीला सांगायचं आहे. ते सगळ्यात कठीण वाटतंय.

निवृत्त_मास्तर (सकाळी ६.५०)

खाजनकरबाब, समितीला जे घडलं ते तसंच सांगा. वही माझ्या हातून हरवली असती तर मीही तेच केलं असतं. मग सभासदांना सांगावं लागेल. ईमेल धाडून भागणार नाही, निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे असणार. फलकावर लावायची सूचना मी मराठीत आणि कोंकणीत लिहून देतो. त्यात नेमकं काय हवं ते तुम्ही तांत्रिक लोकांनी सांगा.

रापणकार (७.३०)

मास्तर, मोजकं लिहा: काय गेलं (नाव, पत्ता, फोन), काय गेलेलं नाही (बँकेची कुठलीही माहिती नव्हती), आणि 'वाचनालयातून बोलतोय, वर्गणी भरायची आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर ठेवून द्यायचा. नाव आणि वाचनालय दोन्ही माहीत असलेला माणूस खरा वाटतो. या यादीचा वापर झालाच तर असा होईल.

कुळागर (९.१०)

खाजनकर, थोडे सावरलात की एक सापळा लावा. रोबॉट्स.टीएक्सटीमध्ये (शोधयंत्रांच्या बॉट्ससाठी सूचनांची फाइल) एक खोटा रस्ता 'इथे येऊ नये' म्हणून लिहा, साइटवर त्याचा दुवा कुठेच देऊ नका. तिथे येणारा पाहुणा नाहीच. आणि सबडोमेनच्या नावाची एक रिकामी झिप मुद्दाम ठेवा, तिला कुणी हात लावला की लगेच तुम्हाला निरोप. तुमची ती दुसरी ओळ, एकही ४०४ नसलेली, कुठल्याही मोजणीत सापडली नसती. असल्या ठिकाणी सापडते.

खाजनकर (मंगळवार, संध्या. ७.४०)

समितीने ऐकून घेतलं. अध्यक्ष बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'फलक कधी लावूया?' मास्तरांची सूचना काल लागली. ते स्वतः बस धरून आमच्या गावी आले आणि ज्यांना वाचता येत नाही अशा सभासदांना बसून फोन केले. देव बरें करूं, मास्तर.

सर्व्हरवर आता असं आहे: नाव नसलेल्या विनंत्या डीफॉल्ट ब्लॉकमध्ये ४४४. वेगवेगळे नसलेले पत्ते मागणाऱ्याला तासाभराची बंदी, एक दिवसाची नाही. चारही साइटवर खरोखर असलेल्या पत्त्यांची यादी केली आहे. यादीत नसलेल्या कशालाही २०० गेला तर मला निरोप येतो. पहिल्या रात्रीच एक आला, वहिनीच्या दुकानात काजूच्या जुन्या दरांची फाइल पडून होती. सापळ्याच्या झिपला आत्तापर्यंत चौदा जणांनी हात लावला. आयपी हाताने बंद करणं सोडलं आहे.

साइट हलवतानाची झिप फाइल वेबरूटमध्ये आता जाणारच नाही, ती स्क्रिप्टच बदलली. देशांची बंदी लावलेली नाही.

दुबईकर_गोंयकार (८.०२)

जत्रेचं पान इथून आत्ताच उघडून बघितलं, चाललं. पालखी किती वाजता निघणार ते मात्र लिहायचं राहिलंय बघा.